थर्माकोलच्या खोक्यातलं श्रीखंड

जबलपूरला समुद्र नाही. हे मीच आधी सांगून टाकते, कारण माझं काम काय ते कळलं की समोरचा पहिल्यांदा हेच सांगतो, जणू आजवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नर्मदा आहे, बरगीचं धरण आहे, बाजारात रोहू-कतला मिळतात. मी काम करते ते जिताड्यावर. हा खाऱ्या पाण्यातला मासा. किनाऱ्यालगत समुद्रात जाळीचे मोठे पिंजरे सोडून त्यांत तो वाढवतात. तिकडे मासे आजारी पडले की त्यांच्या अंगातले जिवाणू नळ्यांत भरून आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि मी त्या जिवाणूंची जनुकं तपासते. जिवंत जिताडा मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा खमरियाला कारखान्यात, आई घरी. दोन्हीकडच्या नात्यात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. मी गेले, एमएस्सी झाले, आता संशोधन करते, आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. काहून घ्यायचा? पण गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याचं आठवलं की मान आपोआप खाली जाते. त्याची सुरुवात एका खोक्यापासून झाली.

नमुने येतात थर्माकोलच्या खोक्यात. आत बर्फ, बर्फाच्या मधोमध घट्ट झाकणाचा डबा, डब्यात पिशवी, पिशवीत बंद नळ्या. नळ्या काढून घेतल्या की खोकं फोडून टाकायचं, असा नियम आहे. तो आमच्याकडे कुणी पाळत नाही. जबलपूरच्या उन्हाळ्यात चांगलं जाड थर्माकोलचं खोकं फोडायला कुणाचा हात उठेल? एकाने भेडाघाटच्या सहलीला कोल्ड्रिंक नेली, एकीने बहिणीच्या लग्नात आइस्क्रीम ठेवलं. मीही एक घरी आणलं. आतून-बाहेरून ब्लीचने पुसून, उन्हात वाळवून आणलं. आईने दोन्ही हातांनी वजन करून पाहिलं, झाकण लावून पाहिलं, आणि म्हणाली, "कित्ती छान आहे गं. हे फेकून राहिले होते तुमचे लोक?"

त्या थंडीत आईचं दही त्या खोक्यात लागायचं. आमच्या क्वार्टरमध्ये डिसेंबरात दही लागत नाही, नुसतं दूध आळसावल्यासारखं पडून राहतं. दुधाचं भांडं चादरीत गुंडाळून खोक्यात ठेवलं की सकाळी सुरी घालून कापावं असं दही. आई शेजारणींना बोलावून दाखवायची.

एकच अडचण होती. खोक्याच्या एका बाजूला मोठं लेबल होतं, माशाचं चित्र आणि खाली इंग्रजीत 'डिसीज्ड फिश सॅम्पल्स'. ते निघत नव्हतं. मी नखाने खरवडलं, स्पिरिटने चोळलं, थर्माकोल उकरून निघायला लागला तेव्हा सोडून दिलं. मग मीच त्यावर जुन्या कॅलेंडरचं गुलाबांच्या चित्राचं पान चिकटवलं. आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण मासा ओळखता येतो. आमच्याकडे मासे खात नाहीत. पान चिकटवल्यावर तिने तो विषय मनातून काढून टाकला. मीही टाकला.

आता मंडळाचं सांगते. आमच्या मराठी मंडळात दोन प्रकारची माणसं आहेत. एक, ज्यांचे पूर्वज मराठ्यांच्या काळात चाकरीला इकडे आले आणि राहिले. त्यांच्यात आता प्रोफेसर आहेत, अधिकारी आहेत, विजय नगरात घरं आहेत. दुसरे आम्ही, कारखान्यात आणि रेल्वेत नोकऱ्या लागल्या म्हणून विदर्भातून आलेले. भांडण काही नाही. सगळे एकमेकांना जी लावून बोलतात. पण पाडव्याच्या जेवणात गोड कोण करणार आणि बटाटे कोण सोलणार, हे न बोलता ठरलेलं असतं. माझी आई मला आठवतं तेव्हापासून बटाटे सोलते. छान सोलते, पातळ साल काढते, आणि तिकडच्या काकू तिचं कौतुकही करतात. "वहिनींच्या हाताला पाहा, बटाटा वायाच जात नाही."

गेल्या वर्षी मंडळाने ठरवलं की पाडव्याला माझा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, आणि माझे दोन शब्द. त्यानंतर थोड्या दिवसांनी मंडळाच्या स्वयंपाकघराचं सगळं बघणाऱ्या मोठ्या काकूंचा आईला फोन आला. आई ऐकत होती आणि "जी, जी" म्हणत होती. मग म्हणाली, "श्रीखंड?" आणि परत, "मी?"

फोन ठेवून ती आमच्याकडे बघत राहिली. "यंदा श्रीखंड माझ्याकडे."

"कशाचं?" बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. "बटाट्याचं?"

आईने त्यांच्याकडे उशी फेकली. इतकी खूश मी तिला क्वचित पाहिली आहे.

आमचं विरजण जरा आंबटाकडे झुकतं, म्हणून ती मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्याला जाऊन ओळखीच्या एका बाईकडून विरजण घेऊन आली. "त्यांचं दही मधासारखं लागतं. आपलं विरजण घातलं तर साखर घालून घालून थकेन." नळाला, खिडकीच्या गजाला, कपाटाच्या मुठीला चक्क्याची फडकी लोंबत होती. बाबा खालून वाकून जायचे. वेलची कुटायचं काम माझ्याकडे होतं, आणि कुटता कुटता मी दोन शब्दांचा विचार करत होते. भाषणात विरजणाचं उदाहरण द्यायचं, हे तिथेच माझ्या डोक्यात आलं. मला ते फार आवडलं. आपल्या लोकांना जनुकं समजावून सांगायला याहून सोपं काय असेल, असं वाटलं.

पाडव्याला ऊन चांगलंच तापलं होतं. श्रीखंडाचा स्टीलचा मोठा डबा आईने त्याच खोक्यात ठेवला, चारी बाजूंनी बर्फाच्या पिशव्या लावल्या. मी बघितलं. गुलाबांचं पान नीट चिकटलेलं होतं. मला क्षणभर वाटलं की दुसरं काहीतरी बघावं, शेजारच्यांचं मोठं पातेलं मागावं. पण आईने नवी साडी नेसली होती, शेजारच्या भैयाची ऑटो दारात उभी होती. मी खोकं उचललं.

मंडळाच्या विजय नगरातल्या हॉलमध्ये माझा कार्यक्रम जेवणाआधी होता. शाल दिली, श्रीफळ दिलं. मी बोलायला उभी राहिले. आई शेवटच्या ओळीत होती, पण खुर्चीच्या अगदी टोकाशी बसली होती.

मी चांगलं बोलले. हे मी आजही म्हणेन. मी सांगितलं की समुद्रात दोन पिंजरे शेजारी शेजारी असतात, पाणी तेच, खाणं तेच. दोन्हीकडे माशांना एकाच नावाच्या जिवाणूची लागण होते. एका पिंजऱ्यात मासे खाणं सोडतात, अंगावर चट्टे येतात, आणि काही दिवसांत बरे होतात. दुसऱ्या पिंजऱ्यात पोटं लाल होतात, जखमा होतात, आणि सकाळी मासे उलटे होऊन तरंगताना दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडचे जिवाणू सारखेच. मग फरक कुठे? जनुकांत. काही जिवाणूंकडे असं जनुक असतं की ते विष बनवून रक्तपेशी फोडतात. काहींकडे असं, की माशाच्या रक्तातलं लोह ओढून घेतात. काहींकडे कल्ल्यांना चिकटून बसायचं. हे सगळं एकाच जिवाणूत असलं तर मासा वाचणं कठीण. यातलं काही नसलं तर तो साधा. अर्थात पाणी तापलं, पिंजऱ्यात दाटी झाली, की साधाही त्रास देतो, पण ते वेगळं.

पहिल्या रांगेतल्या एका काकांनी घसा खाकरला. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येत होता.

मग मी विरजणाचं सांगितलं. "तुमच्या घरचं विरजण आणि शेजारचं विरजण, नाव दोन्हीचं विरजणच ना? पण एकाचं दही गोड, एकाचं आंबट. कारण दह्यातही जिवाणूच असतात, आणि सगळे सारखे नसतात." लोक हसले, टाळ्या वाजल्या. मोठ्या काकू म्हणाल्या, "वा! छान समझाया बेटा." मी खाली बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते, आनंदाने.

पंगत मांडली. वाढायला मंडळातल्या सुना होत्या. आई खोक्याजवळ उभी होती, पदर खोचून, हातात मोठा डाव. पहिल्या रांगेत वाट्या भरून गेल्या. एवढ्यात बर्फाच्या पाण्याने ओलं झालेलं गुलाबांचं पान एका बाजूने सुटलं आणि लोंबायला लागलं.

"अय्या, यावर मासा काहून आहे?" वाटी घेऊन आलेल्या एका सुनेने विचारलं. ती वाकली. "और ये क्या लिखा है? डिसीज्ड फिश."

"म्हणजे काय गं?" मागून कुणीतरी.

"बीमार मछली, काकू."

आई म्हणाली, "ते पोरीच्या ऑफिसचं आहे जी. घासून, पुसून, ऊन दाखवून घेतलंय." तिने हाताने ते पान परत दाबलं. ते परत सुटलं.

मोठ्या काकू आल्या. त्यांनी लेबल पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मला हाताने बोलावलं. मी शाल पांघरूनच गेले.

"बेटा, तू आत्ता जे सांगत होतीस, ते किडे या खोक्यातून आले होते?"

"हो, पण नळ्यांत बंद. नळ्या पिशवीत, पिशवी डब्यात..."

"अच्छा, अच्छा. पण कोणते होते गं? साधेवाले, की ते जहरी?"

इथे मला काय म्हणायला हवं होतं ते एखाद्या शाळेच्या पोरीलाही सांगता येईल. खोक्यात काहीच सांडलं नव्हतं, खोकं स्वच्छ होतं, श्रीखंड त्याला शिवलंही नव्हतं. पण काकूंनी मला माझ्या कामाबद्दल विचारलं होतं. त्या खेपेचे नमुने मला चांगले आठवत होते. त्यांच्यासाठी मी रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत बसले होते, आणि तपासणीच्या जेलीवर तिन्ही जनुकांच्या पट्ट्या लख्ख उमटल्या त्या दिवशी मी बाबांना फोन करून सांगितलं होतं. माझ्या सगळ्या कामात ठासून सांगावं असं तेवढंच एक उत्तर होतं, आणि आजवर मला ते कुणी विचारलं नव्हतं.

"जहरी," मी म्हणाले. "तिन्ही जीन होते त्यांच्यात."

आणि मी हसले. पहिला नंबर आला असं सांगावं तशी हसले.

ओळीतल्या एका बाईने वाटी ताटाबाहेर ठेवली. मग दुसरीने. तो आवाज मला अजून ऐकू येतो, फरशीवर वाटी ठेवल्याचा, एकामागून एक.

"अरे, ते मछली को होता है, आपल्याला नाही होत," एक काका म्हणाले.

"पण दह्यातही तेच असतात, अभी तो बोली ती."

"तेच नाही!" मी म्हणाले. "दह्यातले वेगळे. यांना मिठाचं पाणी लागतं. समजा एखादा श्रीखंडात पडलाच, तर तो साखरेत जगणारच नाही."

"म्हणजे मेलेला असेल?" त्या सुनेने विचारलं. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी जितकं बोलले तितकं बिघडत गेलं. शेवटी मोठ्या काकूंनीच मला थांबवलं. त्या वाईट बोलल्या नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वहिनी, मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. आज राहू द्या. चलो भाई, कुणीतरी जाऊन जिलबी आणा."

आईने डाव डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं, मग खोक्याचं झाकण लावलं. सावकाश, चारी कोपरे दाबून. कुणाकडे न बघता.

बाबा पुरुषांच्या पंगतीत होते. ते उठले, आपली वाटी घेऊन आईसमोर आले आणि म्हणाले, "मला दे." आईने परत दोन्ही झाकणं काढली आणि वाढलं. बाबांनी तिथेच उभ्याने वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली. सगळे बघत होते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. त्या हॉलमध्ये ते श्रीखंड शंभर टक्के चांगलं आहे हे पक्कं ठाऊक असलेली मी एकटी होते. मी वाटी पुढे केली नाही. सगळ्यांसमोर त्या खोक्यातलं खायचं, माशाच्या चित्राशेजारी उभं राहून, ते माझ्याने झालं नाही. नारळ हातात धरून मी भिंतीशी उभी राहिले आणि जिलबीची वाट बघत असल्यासारखं केलं.

परत येताना ऑटोत खोकं आईच्या मांडीवर होतं. ती चढताना घाईत बसली होती, त्यामुळे लेबल बाहेरच्या बाजूला आलं होतं. विजय नगरातले सगळे सिग्नल त्या दिवशी आम्हाला लालच मिळाले. बाजूच्या मोटरसायकलवरचा एक जण वाचायचा प्रयत्न करत होता. मी अंगावरची शाल काढली आणि खोक्यावर टाकली.

आईने ती उचलली, घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"ओली होईल," ती म्हणाली. "चांगली आहे."

संध्याकाळी बाबांनी क्वार्टरच्या आवारात सगळ्यांना श्रीखंड वाटलं. तिथे गोष्ट आमच्याआधीच पोचली होती. "क्यों भैया, मछलीवाला है क्या?" म्हणून लोक हसत होते आणि वाट्या पुढे करत होते. डबा रिकामा झाला. फार सुरेख झालं होतं ते, गोड, किंचित आंबट, जिभेवर विरघळणारं. मी स्वयंपाकघरात दार लोटून खाल्लं. आई आली तेव्हा मी चमचा चाटत होते.

मला वाटलं आता बोलेल. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "त्या पिंजरेवाल्यांचं काय झालं? ज्यांचे ते मासे?"

"कोणाचं?"

"जहरीवाले निघाले म्हणालीस ना. त्यांना सांगितलं का तुम्ही?"

सांगितलं होतं. कळवल्यावर त्यांनी शेजारच्या पिंजऱ्यातले मासे जरा लहान असतानाच काढून विकले, लागण तिकडे पोचायच्या आत. आजारी पिंजऱ्यातले बरेचसे गेलेच. मी आईला तसं सांगितलं.

"बरं झालं मग," ती म्हणाली, आणि डबा घासायला घेतला. मी म्हटलं, "आई, मी तिथे..." तिने नळ मोठा केला. एवढंच. ती रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

खोकं तिने फेकलं नाही. पुढच्या थंडीतही दही त्यातच लागलं. गुलाबांचं पान मात्र परत लावलं नाही. मासा उघडाच आहे.

यंदा पाडव्याला श्रीखंड दुकानातून आलं. मोठ्या काकूंचा फोन आला होता. आई म्हणाली, "जी, येते ना, बटाट्याला येते." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी न सांगता तिच्यासोबत गेले, खाली चटईवर तिच्या शेजारी बसले आणि सोलाणं घेतलं. माझी साल जाड निघत होती. ती माझ्या परातीतले बटाटे उचलून बघायची आणि परत ठेवायची.

गेल्या वर्षीची ती सून तांदूळ निवडत समोर बसली होती. ओळख असल्यासारखं तिने मला विचारलं, "दीदी, तुम्ही अजून तेच करता? माशांचं?"

"हो," मी म्हणाले, आणि मान खाली घालून सोलत राहिले. आजूबाजूच्या बायकांचे हात जरा थांबल्यासारखे वाटले.

"नुसतं हो काय?" आई म्हणाली. तिचे डोळे बटाट्यावरच होते. "नीट सांग ना तिला. जहरीवाले म्हणून."

कुणीतरी फस्सकन हसलं. आईही हसली. मला हसता आलं नाही. मी हातातला बटाटा फिरवला आणि साल पातळ काढायचा प्रयत्न करायला लागले.